एकतीस नंबरची टाकी

मंगळवार, ३ सप्टेंबर

टाकी फुटली. आमची. एकतीस नंबरची.

सकाळी सव्वादहाला ऑफिसात फोन वाजला. मी साच्याला मेण लावत होते. काचेतून दादाचं तोंड दिसलं – पांढरंफटक. बाहेर आला, मशीन बंद करायला लावल्या आणि म्हणाला, "रंगाच्या कारखान्यातली ॲसिडची टाकी गेली. खालच्या कड्यातून. एक माणूस भाजलाय."

एकोणीस वर्षं झाली दादाने हे वर्कशॉप उघडून. मालक तो, पण साच्यावर फायबरग्लास, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यात चिकट रेझिन मुरवायचं, रोलरने हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा, हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. एकही टाकी परत आली नाही. लोक हसतात – बाई माणूस आणि टाक्या बनवते! हसू देत. माझ्या टाक्या गळत नाहीत.

नव्हत्या.

माणूस किती भाजलाय ते दादाला विचारलं. "पाय," म्हणाला. "दोन्ही." आणि आत जाऊन दार लावून बसला.

बुधवार, ४ सप्टेंबर

 आज रोलरसुद्धा बिनआवाजाचे फिरतायत.

गुरुवार, ५ सप्टेंबर

दादाबरोबर रंगाच्या कारखान्यात जाऊन आले. तो मला नेतच नव्हता. "तू येऊन काय करणार आहेस?" म्हणे. मीच गाडीत जाऊन बसले.

टाकी अजून उभी आहे. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. खालच्या कड्यात, माझ्या कमरेच्या उंचीवर, आडवी चीर. खालची जमीन चुना टाकून पांढरी केलेली. भाजलेला पंपवाला नेमका तिथेच उभा होता, व्हॉल्व्हपाशी. रोज तिथेच उभा राहायचा, कारण उभं राहायला दुसरी जागाच नाही.

चीर जवळून पाहिली.

काचेची टाकी तुटते तेव्हा तिच्या कडेतून धागे बाहेर येतात. वीतभर, पिंजारलेल्या दाढीसारखे. नुसतं रेझिन म्हणजे वाळलेली खळ, बोटाने मोडेल. जोर असतो तो आतल्या काचेत. रेझिन फक्त त्या काचेला धरून ठेवतं. टाकी मेली तरी काच सहजासहजी सोडत नाही, ओढून ओढून तुटते. आणि ही कड? बिस्किटासारखी तुटलेली! मध्ये पांढरा भुगा. जेमतेम कुठे कुठे धागा.

"दादा, हे बघ."

"बघितलं."

"धागे कुठायत?"

"इथे नको बोलूस," म्हणाला. हळू आवाजात. दात आवळून.

एक तुकडा उचलायला वाकले तर कारखान्याच्या माणसाने अडवलं. सरकारी तपासनीस येणार आहेत, कशालाही हात लावायचा नाही. बरोबरच आहे त्याचं. पण परत येताना गाडीत दादाने रेडिओ लावला! रेडिओ!

शुक्रवार, ६ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली आज.

टाकीला माणूस उतरायचं भोक पाडतो तेव्हा मधली चकती निघते. पाटाएवढी. ती मी कधी टाकत नाही. मार्करने टाकीचा नंबर लिहून मागच्या मांडणीवर उभी करून ठेवते. ती चकती म्हणजे टाकीची भिंतच, कुणी शंका घेतली तर दाखवायला. एकतीसच्या टाकीचं भोक खालच्याच कड्यात आहे. म्हटलं चला, आपल्याकडे पुरावा आहे.

मांडणी रिकामी! झाडून पुसून लख्ख!

"काल साहेबांनी सगळं भंगारात घालायला सांगितलं," कामगार म्हणाले. काल म्हणजे कधी? मी आणि तो टाकी बघून आल्यावर. मी घरी गेले, आणि हा परत आला.

विचारायला गेले तर म्हणे, "किती वर्षांचा कचरा साठवायचा, छोटे?"

छोटे. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले मी. काही दडवायचं असलं की याला मी छोटी होते.

रविवार, ८ सप्टेंबर

दवाखान्यात गेले. कुणाला न सांगता. यांनासुद्धा नाही.

पंपवाला झोपेच्या औषधात होता. पायांवर जाळीचा पिंजरा, वरून चादर, म्हणजे कापड कातडीला लागू नये. तिशीचा असेल. दाढी वाढलेली. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर त्याची चप्पल. एका पिशवीत घालून कुणीतरी तिला दिली होती, ती तिने बाहेर काढून पुसून ठेवली होती.

"कंपनीकडून आलात का?" तिने विचारलं.

हो म्हणता आलं असतं. जीभ उचलली नाही. म्हटलं, "ती टाकी मी बनवली."

वाटलं आता ओरडेल. मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती सरकली आणि बाकावर मला जागा करून दिली.  मग म्हणाली, "मग तुम्हाला ठाऊक असेल. का फुटली?"

"माहीत नाही."

"बनवली तुम्ही आणि माहीत नाही?"

आवाज चढवला नाही तिने. खरंच विचारत होती. पाच वर्षांची मुलगी बाबांचे पाय का झाकलेत विचारेल, तसंच. तिला एक मुलगी आहे म्हणे, मावशीकडे ठेवलीय.

 एकोणीस वर्षं हे काम केलेली मी, तशीच उठले. जिने उतरताना कठड्यावर हात आपटला. मनगट सुजलंय. हे विचारतात काय झालं. साचा लागला म्हटलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

 

तपासनीस आले होते. चष्मेवाले, शांत, खिशात तीन पेनं. दादाने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि माझ्यासमोर – माझ्यासमोर! – सांगितलं, "थर लावायचं काम संपूर्ण माझ्या बहिणीच्या देखरेखीखाली असतं. मी त्यात पडत नाही. वही बघा ना."

वही पुढे केली. यंदाचं एकतीस नंबरचं पान. मार्च महिना. बारा थर. प्रत्येक थरापुढे खूण आणि खाली सही. माझी.

तपासनिसांनी विचारलं, "ही सही तुमचीच?"

सही माझीच. नाकारू कशी? पण त्या आठवड्यात मी इथे नव्हतेच! लेकीचं बाळंतपण होतं. पहिलं. आतला पातळ अस्तराचा थर मी लावून गेले आणि पाच दिवसांनी परत आले तेव्हा टाकी साच्यावरून उतरून उभी होती. दादाने वही समोर धरली – "पान राहिलंय गं, करून टाक सही, क्रेन आलीय." माझ्या अंगाला अजून बाळाच्या अंघोळीच्या तेलाचा वास होता. फोनमध्ये फोटो होते, सगळ्यांना दाखवायचे होते. केली सही. बारा वेळा खूण केली आणि सही केली. एक थर न मोजता.

हे सगळं तपासनिसांना मी सांगितलं का? नाही!  दादा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. चहाच्या कपाची कड पुसत होता अंगठ्याने. ज्या भावाने मला सायकल शिकवली, ज्याने बाबा गेल्यावर माझी शाळा सुटू दिली नाही, त्याने माझ्या डोक्यावर खापर फोडलं आणि कपाची कड पुसत बसला.

बुधवार, ११ सप्टेंबर

कामावर गेले नाही. यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आधी जेव." जेवले नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

कात्रीबाई घरी आली.

आमच्याकडे काचेची मॅट कापायचं काम तिचं. जन्मभर कात्री चालवून तिचा अंगठा वाकडा झालाय. शब्द मोजून बोलते. आज दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही चकत्या शोधत होता ना? एक माझ्याकडे आहे."

"कुठली?"

"नंबर पुसट झालाय. तीनावर एक दिसतंय."

मार्चमध्येच नेली होती म्हणे, मला विचारून. मला आठवत नाही. आठवणार कसं, मी फोटो दाखवण्यात दंग! न्हाणीघरातल्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलीय. तशीच तिच्यामागे गेले. पिंपावर चकती, चकतीवर साबण, तांब्या आणि तिच्या नातवाचं प्लास्टिकचं बदक. ते सगळं उचलून तिने चकती माझ्या हातात दिली.

"मला एक सांग," मी म्हटलं. "एकतीसला काचेचं विणलेलं कापड किती कापलंस?"

कात्रीबाईने अंगठा चोळला. "दोन घड्या. पुढे कापडच नव्हतं, ताई. गठ्ठा आला नव्हता. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तू कात्री चालव."

दोन. पाच हव्या होत्या!

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सही केलीत. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

तिच्यावर चिडले. मग चिडायचं कुणावर ते कळेना.

शनिवार, १४ सप्टेंबर

काच जाळली.

म्हणजे काच जळत नाही, तेच तर! रेझिन जळतं, काच उरते. भट्टीत तुकडा ठेवायचा, रेझिन धूर होऊन जातं आणि आतले थर एकावर एक तसेच उरतात, पानांसारखे सुटे करून मोजता येतात. कागदावर कुणी काहीही लिहो, काच खोटं बोलत नाही. पुस्तकात वाचलं होतं. कधी करायची वेळ आली नव्हती.

भट्टी यांची. हे दात बनवतात. मागच्या खोलीत कवळ्यांचा कारखाना, मेण जाळायची छोटी भट्टी. सांगितलं तर आधी दोन मिनिटं बघत राहिले. "म्हणजे लोकांच्या कवळ्या बाहेर काढून तुझ्या टाकीचा तुकडा भाजायचा?"

"हो."

"एका म्हातारबुवांची कवळी सोमवारी द्यायचीय. बोळकं घेऊन लग्नाला जातील बिचारे."

मग स्वतःच करवत आणली. तळहाताएवढा चौकोन कापून दिला. खिडक्या उघडल्या. सकाळी दहाला ठेवला, काळा धूर, तो आमचा नेहमीचा वास. शेजारीण येऊन विचारून गेली, काय जळतंय. हे म्हणाले, "अक्कलदाढ." काय माणूस आहे! हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही.

साडेतीनला भट्टी गार झाली. चिमट्याने थर उचलले. टेबलावर पांढरा कागद पसरला होता.

मॅटचे थर म्हणजे विस्कटलेले केस, तुटक्या काचेचे, कसेही पडलेले. विणलेलं कापड ओळखू येतं – उभं आडवं, चटईसारखं. टाकीचं पोट फुगू देत नाही ते हे कापड. मॅट सात. बरोबर. कापड एक. दोन.

बस्स. बारा हवे, नऊ निघाले. हे मोजत होते, मी मोजत होते. दोघांनी तीनतीनदा मोजले.

आणि मधे, जिथे ती तीन कापडं असायला हवी होती, तिथे पांढरी भुकटी. चिमूटभर नाही, चांगली मूठभर! यांनी त्यांच्या बाटलीतलं कसलंसं ॲसिड दोन थेंब टाकलं. फसफसली.

खडू.

कापड नव्हतं म्हणून जाडी भरून काढायला रेझिनमध्ये खडूची पूड कालवून चोपडली. म्हणून माप घेतलं तेव्हा जाडी बरोबर भरली! म्हणून पाणी भरून तपासली तेव्हा टिकली – पाणी हलकं. रंगवाल्यांचं ॲसिड पाण्याच्या दीडपट जड. खेरीज आतल्या अस्तराला केसाएवढी भेग गेली की ॲसिड खडूपाशी पोचतं आणि खात सुटतं. ॲसिडच्या टाकीत खडू! शाळेतल्या पोराला विचारा, तेही सांगेल!

दादाला हे माहीत नाही? मला शिकवलं कुणी हे सगळं? त्यानेच!

रविवार, १५ सप्टेंबर

सकाळी चूळ भरताना आठवलं. बत्तीस.

एकतीस आणि बत्तीस एकाच साच्यावरच्या, पाठोपाठच्या. मी बाळंतपणाला असतानाच दोन्ही झाल्या. बत्तीसच्या पानावरही मीच सही केलीय. त्याच दिवशी, त्याच पेनाने.

बत्तीस बॅटरीच्या कारखान्यात आहे. त्यांचं ॲसिड जरा हलकं, म्हणून अजून उभी असेल. मी स्वतः तिथे गेले होते टाकी बसवायला. तिच्या मागच्या भिंतीला लागून बायकांची कपडे बदलायची खोली. पाळी बदलते तेव्हा तिथे तीसचाळीस बायका असतात.

तोंडातलं पाणी तसंच राहिलं.

दादाला फोन. उचलत नाही. वहिनींना केला, त्यांना सगळं सांगितलं – खडू, कापड, बत्तीस, बायका. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मला यातलं काय कळतं? यांना सांगते." सांगते म्हणे!

कारखान्याला आज सुट्टी.

सोमवार, १६ सप्टेंबर

सकाळपासून फोन. "साहेब बैठकीत आहेत." "इंजिनियर मॅडम रजेवर, उद्या येतील." "लेखी पाठवा." मी म्हटलं, टाकी फुटली तर लेखी कुणाला पाठवू? फोन ठेवला त्यांनी.

दुपारी स्वतः गेले. फाटकावरचा माणूस वहीत नाव लिहायला सांगतो, काम काय विचारतो. काम – तुमची टाकी रिकामी करा. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"टाकी बनवणारी."

"टाकीवाल्यांचे मालक तर पुरुष आहेत."

दोन तास उन्हात उभी होते. पाळी सुटली. बायका केस पुसत, डबे हलवत, हसत बाहेर पडल्या. एकीने मला विचारलं, "कुणाची वाट बघताय, ताई?" काय सांगू तिला? तरी सांगितलं, त्या खोलीत जाऊ नका, मागची टाकी धोक्याची आहे. ती मैत्रिणीकडे बघून हसली. वेडी समजली मला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दादाच्या घरी गेले. संध्याकाळी, सहाच्या सुमाराला. तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. पुरचुंडी उघडून जळलेले थर त्याच्यापुढे टेबलावर मांडले.

"मोज."

बघत राहिला.

"मोज म्हणते ना! मला मोजायला कुणी शिकवलं? तूच! मोज!"

"कापड आलं नव्हतं," एवढंच म्हणाला.

"मग थांबायचं!"

"क्रेन ठरली होती. त्यांनी तारीख दिली होती."

"आणि खडू? खडूची पण तारीख दिली होती?"

मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. काय काय बोलले ते लिहवत नाही. भेकड म्हटलं. बाबा असते तर तुला घरात घेतलं नसतं म्हटलं. त्या पंपवाल्याच्या बायकोसमोर जाऊन बस म्हटलं, ती नवऱ्याची चप्पल मांडीवर घेऊन बसलीय. आपल्या माणसाच्या आड उभं राहायचं, बहिणीची सही ढाल म्हणून धरायची – असा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा म्हटलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, "वन्सं, बास करा आता, बास," आणि मी त्यांनाही सोडलं नाही.

"बत्तीसचं काय?" शेवटी विचारलं. "बोल! बत्तीसचं काय करणार आहेस?"

त्याने वर पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. आणि बुटांकडे बघत बसला.

दगड! त्याच्यापेक्षा साच्याला पाझर फुटेल.

दार आपटून निघाले. थर तिथेच राहिले टेबलावर. राहू देत. चकती आहे माझ्याकडे.

बुधवार, १८ सप्टेंबर

वर्कशॉपमध्ये जाऊन माझे रोलर, माझी कात्री, माझा मास्क घेऊन आले. दादा नव्हता. "सकाळपासून आले नाहीत," कामगार म्हणाले. तोंड चुकवतोय! कात्रीबाईने विचारलं, "ताई, उद्या?" उद्या नाही. परवाही नाही.

बॅटरीवाल्यांना पुन्हा फोन केला. कुणी उचललाच नाही.

अंगातून काच निघायला आठवडा लागतो म्हणतात. मला एकोणीस वर्षांची काढायचीय.

गुरुवार, १९ सप्टेंबर

तपासनिसांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं.

पहिल्यात फक्त दादा होता. त्याने हे केलं, त्याने ते केलं. यांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आणि तू?"

"मी काय केलं? मी नव्हते!"

"सही होती ना."

भांडले. दातवाल्याला काय कळतं म्हटलं. हे उठून कवळी घासायला गेले. त्या मशीनचा आवाज डोक्यात जात होता. घर्र घर्र घर्र. बसून राहिले टेबलाशी.

खरंच आहे. मी टाकी टकटक करून पाहिली असती तर आवाजावरून कळलं असतं. चकतीची कड भिंगाखाली धरली असती तर कळलं असतं. दोन मिनिटांचं काम. एकोणीस वर्षांत प्रत्येक टाकीची कड मी पाहिली, या दोन सोडून. दादाने सांगितलं म्हणून नाही. आनंदात होते म्हणून. नात झाली म्हणून! त्या लेकराचा काय दोष, आणि तरी आज तिचा फोटो बघवत नव्हता.

पाचव्यांदा लिहिलं. थर कुणी कमी केले ते, आणि न बघता सही कुणी केली तेही. खाली पुन्हा तीच सही. या वेळी पत्र दोनदा वाचून मग केली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

पत्र तपासनिसांच्या ऑफिसात नेऊन दिलं. ते दौऱ्यावर. कारकुनाने न वाचता शिक्का मारला, ढिगावर ठेवलं. कापलेला चौकोन सोडून उरलेली चकती पण दिली. "हे काय?" म्हणाला. टाकीची भिंत. "कुठे ठेवू मी ही?" जिथे ठेवायची तिथे ठेव बाबा, पण पिंपावर नको.

तिथून दवाखान्यात गेले. पंपवाला जागा होता. उशीला टेकून बसवला होता. बायको त्याला भात भरवत होती. तिला सांगितलं – का फुटली ते. सगळं. कापड, खडू, सही, कोण, कसं. तिने चमचा ताटलीत ठेवला. तो ऐकत होता.

"तुमच्या भावाने मुद्दाम केलं?" त्याने विचारलं.

"नाही. घाईत केलं."

"घाईत," तो म्हणाला. मग तोंड भिंतीकडे वळवलं. बायको माझ्याबरोबर दारापर्यंत आली. "परत येऊ नका," म्हणाली. मग थांबून, "पण सांगितलंत ते बरं केलंत."

एवढं तरी झालं. दादाचं आणि माझं मात्र संपलं. लिहून ठेवते म्हणजे नंतर मऊ पडणार नाही – त्याच्याशी मी या जन्मात बोलणार नाही. त्याने त्या बायकांना मरायला सोडलं. मी फाटकावर उभी होते आणि तो बूट घालून खुर्चीत बसला होता.

शनिवार, २१ सप्टेंबर

पत्राची प्रत घेऊन बॅटरीच्या कारखान्यात गेले. इंजिनियर मॅडम स्वतः फाटकावर आल्या. वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, ती टाकी मंगळवारीच रिकामी केली आम्ही. तुमचे भाऊ आले होते. सकाळी फाटक उघडायच्या आधीपासून उभे होते. ॲसिड काढून होईपर्यंत दिवसभर हलले नाहीत. आतून हातभर लांब भेग निघाली."

एक कागद दाखवला. दादाचं अक्षर. त्यात लिहिलेलं – थर मी कमी केले. बहीण तेव्हा इथे नव्हती. सही मी तिच्याकडून घेतली, तिला काही न सांगता. तपासनिसांसमोर मी खोटं बोललो. त्यांनाही हेच लिहून देत आहे.

मंगळवारी. दिवसभर. तिथून तो घरी आला असणार आणि खुर्चीत बसला असणार, तेवढ्यात मी पोचले.

एक शब्द बोलला नाही तो!

रस्त्यातूनच फोन लावला. वहिनींनी उचलला. "ते नाहीत, वन्सं. सकाळी पोलीस येऊन घेऊन गेले. तुमच्यासाठी निरोप आहे – वर्कशॉपची किल्ली कात्रीबाईकडे ठेवलीय."